गडद साखर, गडद पाक आणि आपलं बेकिंग

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय गडद साखरांबद्दल, म्हणजे ब्राऊन शुगर, मस्कोवाडो, डेमेरारा, आणि त्यांच्या जोडीला मोलॅसिस, ट्रीकल, गोल्डन सिरप, मेपल सिरप ही सगळी पाकातली मंडळी. रेसिपीत यातलं एक लिहिलेलं असतं, घरात दुसरंच असतं, आणि मग वाटतं की गोडच तर करायचंय, घाला जे आहे ते. पण तसं नाहीये हो. गोडीत फार मोठा फरक नसतो, खरा फरक असतो तो पाण्याचा आणि आंबटपणाचा, आणि बदली करताना या दोन गोष्टींकडे लक्ष दिलं तर केक सहसा दगा देत नाही.

आता हा रंग येतो कुठून ते बघू. उसाचा रस आटवून साखरेचे दाणे वेगळे काढले की मागे जो काळा घट्ट पाक उरतो तो मोलॅसिस. पहिल्या उकळीनंतरचा असतो फिकट आणि बऱ्यापैकी गोड, दुसरीनंतरचा गडद, आणि तिसरीनंतरचा तो ब्लॅकस्ट्रॅप, एकदम काळा, कडवट, गोडी कमी. बाजारातली ब्राऊन शुगर म्हणजे बहुतेक वेळा पांढऱ्या साखरेतच हा मोलॅसिस परत मिसळलेला असतो, लाइटमध्ये साधारण साडेतीन टक्के आणि डार्कमध्ये साडेसहा टक्के. म्हणजे घरी मोलॅसिस असेल तर ब्राऊन शुगर आणायला धावायची गरजच नाही, 200 ग्रॅम पांढऱ्या साखरेत एक मोठा चमचा मोलॅसिस काट्याने चोळून घ्या, लाइट तयार, दोन चमचे घातले की डार्क.

मस्कोवाडोची गोष्ट वेगळी. त्यात मोलॅसिस मुळातून काढलेलाच नसतो. चिमूटभर घेऊन बोटांत दाबून बघा, ओल्या वाळूसारखी चिकटून राहते, आणि वास घेतला की टॉफीचा, थोडा जळक्या साखरेचा, शेवटी किंचित खारट असा वास येतो. माझं स्पष्ट मत आहे की आल्याचा केक, खजुराचा केक, डार्क चॉकलेटचा ब्राउनी यांना डार्क मस्कोवाडोसारखं दुसरं काही नाही. फक्त एक करा, आधी चाळणीतून दाबून काढा, कारण तिच्या गुठळ्या फेटताना मोडत नाहीत आणि भाजल्यावर केकमध्ये काळे चिकट ठिपके राहतात. डेमेराराचे दाणे जाड आणि हट्टी, बटरबरोबर फेटायला अजिबात घेऊ नका, ती मफिनवर वरून भुरभुरा, मस्त कुरकुरीत थर येतो.

आता आंबटपणा. मोलॅसिस थोडा आम्लधर्मी असतो, जिभेला जाणवत नाही पण खायच्या सोड्याला बरोबर कळतं. पातेल्यात बटर, मस्कोवाडो आणि ट्रीकल, म्हणजे मोलॅसिससारखाच काळा घट्ट पाक, मंद आचेवर वितळवा, चकाकणारं काळं मिश्रण होईल, खाली उतरवून त्यात सोडा टाका, बघता बघता फसफसून वर येतं आणि रंग फिका तपकिरी होतो. त्याच हवेवर जिंजरब्रेड, म्हणजे आल्याचा केक, फुगतो. म्हणून अशा रेसिपीत ट्रीकल काढून साधी पांढरी साखर घातली की सोड्याला भिडायला पुरेसं आम्लच उरत नाही, केक बसका होतो आणि साबणासारखी चव लागते. तेव्हा सोडा कमी करून बेकिंग पावडर घ्या, नाहीतर दूधाऐवजी ताक घाला.

कुकीजमध्ये तर हा फरक लगेच दिसतो. नुसत्या पांढऱ्या साखरेच्या कुकीज पसरतात, कडा कुरकुरीत होतात, आणि ब्राऊन शुगरच्या जाड, आतून मऊ, दुसऱ्या दिवशीही मऊच, कारण मोलॅसिसमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं आणि ते ओलावा धरून ठेवतं. मला स्वतःला दोन्ही निम्मे निम्मे आवडतात.

पाकांचं बोलायचं तर साखरेच्या जागी पाक घालताना सगळ्यात जास्त गडबड होते. मधात 17-18 टक्के पाणी, मोलॅसिसमध्ये त्याहून थोडं जास्त, आणि मेपल सिरपमध्ये जवळजवळ एक तृतीयांश पाणीच असतं. त्यामुळे एक कप साखरेऐवजी पाऊण कप पाक घ्या, रेसिपीतलं दूध किंवा पाणी दोन-तीन मोठे चमचे कमी करा, मेपल असेल तर जरा आणखी, आणि ओव्हन 10-15 डिग्री खाली ठेवा, विशेषतः मध असेल तर, कारण वरून लवकर करपतं. आणि हो, पाकाला दाणे नसतात, बटरमध्ये घासून हवा धरायचं काम दाणेच करतात, त्यामुळे हलका स्पंज हवा असेल तर सगळीच साखर बदलू नका, निम्मीच बदला.

गोल्डन सिरप हा फिकट, लोण्यासारख्या चवीचा, फ्लॅपजॅकला, म्हणजे ओट्सच्या भाजलेल्या वड्यांना, हाच हवा, ट्रीकल घातलं तर ओट्सची चवच मरते. उलट जिंजरब्रेडला नुसता गोल्डन सिरप मिळमिळीत लागतो, निम्मा ट्रीकल हवाच. मेपल घेताना गडद ग्रेडचा घ्या, फिकट सोनेरी पॅनकेकवर छान पण भाजल्यावर त्याची चव हरवून जाते. ब्लॅकस्ट्रॅप मात्र रेसिपीत मुद्दाम सांगितला नसेल तर चमचाभरापेक्षा जास्त नको, अख्खा केक कडू होतो. त्यात लोह आणि कॅल्शियम असतं हे खरं, पण केकच्या एका तुकड्यात जेवढं येतं त्याने काही होत नाही, गडद साखर वापरायची ती चवीसाठी.

जाता जाता, ब्राऊन शुगर कडक झाली म्हणून टाकून देऊ नका, तिच्यातलं फक्त पाणी उडालेलं असतं. डब्यात ब्रेडची स्लाइस टाकून झाकण घट्ट लावा, सकाळपर्यंत मऊ होते. अगदीच घाई असेल तर वर ओलसर टिश्यू झाकून मायक्रोवेव्हमध्ये 20-20 सेकंद फिरवा, पण मग लगेच मोजून वापरा, गार झाली की परत घट्ट बसते.