हालस्टाट: तळ्याकडे पाठ करा, डोंगराकडे बघा

नमस्कार मंडळी! ऑस्ट्रियातल्या हालस्टाटचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल. तळं, टोकदार मनोऱ्याचं चर्च, डोंगराला चिकटलेली घरं. चीनमध्ये तर ग्वांगडोंग प्रांतात एका बिल्डरने २०१२ साली या गावाची हुबेहूब नक्कल उभी केली, चर्चसकट! पण मागचा डोंगर काही उचलून नेता आला नाही. आणि खरी गोष्ट तर त्या डोंगरातच आहे.

त्यात आहे मीठ. आपल्याला मीठ म्हटलं की समुद्र आणि मिठागरं आठवतात. इथे बोगदे खणून मीठ काढतात, आणि डोंगरातल्या मिठामागे माणूस लागला त्याला सुमारे सात हजार वर्षं झाली.

मिठात लाकूड कुजत नाही. त्यामुळे खाणीत इ.स.पू. १३४४च्या लाकडाचा अख्खा जिना सापडला. कातडी पिशव्या, कापडाचे तुकडे आणि, जेवत असाल तर सॉरी, खाणकामगारांची विष्ठासुद्धा! तिचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यातून कळलं की २७०० वर्षांपूर्वीचे हे कामगार ब्लू चीज खात होते आणि बिअर पीत होते. मला विचाराल तर कुठल्याही राजाच्या मुकुटापेक्षा ही माहिती भारी आहे.

१८४६ साली रामसाउअर नावाच्या खाण-अधिकाऱ्याला वरच्या दरीत जुनी थडगी सापडली. १८६३ पर्यंत त्याने जवळपास हजार थडगी उकरली. त्यात निघालेल्या वस्तू इतक्या महत्त्वाच्या ठरल्या की युरोपातल्या लोहयुगाच्या पहिल्या टप्प्याला या गावाचंच नाव मिळालं.

आता खाली गावात या. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जागाच नाही. १८९० पर्यंत इथे धड रस्ता नव्हता, होडीने नाहीतर पायवाटेने यायचं. दफनभूमीही एवढीशी. मग करायचे काय, तर काही वर्षांनी थडगं उघडायचं, कवटी उन्हात पांढरी होऊ द्यायची आणि तिच्यावर नाव, फुलं, पानांच्या माळा रंगवायच्या. चर्चशेजारच्या छोट्या खोलीत अशा बाराशेच्या आसपास कवट्या आहेत, निम्म्या रंगवलेल्या. ऐकायला भयानक वाटतं, पण बघताना भीती वाटत नाही. घरच्यांनी मायेने केलेलं काम आहे ते. शेवटची कवटी १९९५ साली ठेवली.

जायचं असेल तर एक लक्षात ठेवा. गावात राहतात साडेसातशेच्या आसपास माणसं आणि सीझनला एका दिवसात दहा-दहा हजार पर्यटक येतात. २०२३मध्ये गावकऱ्यांनी याविरुद्ध मोर्चाही काढला. म्हणून एक रात्र मुक्काम करा. रेल्वे स्टेशन तळ्याच्या पलीकडे आहे, तिथून बोट घ्यावी लागते. तेव्हा शेवटच्या बोटीची वेळ बघूनच निघा. खाणीत वर जायला फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) आहे, आत लाकडी घसरगुंडीवरून खाली सुटायचं. आणि भर उन्हाळा असला तरी स्वेटर न्या, आत चांगलीच थंडी असते!