कूलर सुरू असला की घरात भांडणं का होतात?

राम राम मंडळी! एप्रिल लागला की आपल्या विदर्भात घरोघरी तो पत्र्याचा मोठा कूलर भर्रर्र सुरू होते, बरोबर? आता सून आतून विचारते, "मामाजी, जेवाले वाढू का?" मामाजीले ऐकूच नाही गेलं. ती पुन्हा जोरात विचारते, तर हे बैठकीतून म्हणतात, "काहून खेकसून राह्यली वं?" अन् झालं सुरू!

ती बिचारी खेकसली नव्हतीच. गोंगाटात आपला आवाज आपोआप चढते, फ्रान्सच्या लोंबार नावाच्या डॉक्टरनं 1911 मध्ये हे मांडलं, म्हणून याले लोंबार्ड इफेक्ट म्हणतात. आवाज चढला की सूर बी बदलते, अन् ऐकणाऱ्याले वाटते राग आला.

समोरच्याच्या मनात काय चालू आहे याचा अंदाज आपण दिवसभर लावत असतो, सायकॉलॉजीवाले त्याले थिअरी ऑफ माइंड म्हणतात. आता "हो, येतो ना" हे मनापासून आहे की टाळायले, हे सुरातून, चेहऱ्यावरून कळते, पण गोंगाटात सगळं डोकं शब्द पकडण्यातच खर्च होते मग बाकीचं निसटून जाते.

1975 मध्ये अमेरिकेत मॅथ्यूज अन् कॅनन या दोघांनी भारी प्रयोग केला. रस्त्यावर एका माणसाची पुस्तकं पडतात, त्याच्या हाताले प्लास्टर आहे. एरवी 80 टक्के लोक मदतीले थांबले, पण बाजूले गवत कापायची मशीन घरघरत होती तेव्हा फक्त 15 टक्के! प्लास्टर नसलं तर मदत तशीबी कमीच होती, 20 वरून 10 वर आली. म्हणजे लोक अचानक निर्दयी नाही झाले भौ, प्लास्टरकडे लक्षच नाही गेलं, असा त्यांचा अंदाज.

अन् आपल्या लग्नातला डीजे? 2000 सालच्या नियमात रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, सांगून पाहा डीजेवाल्याले 😄 त्या दणदणाटात नवरदेवाच्या मामाले कोणीतरी पाठीमागून ओरडते, "बसून घ्या लवकर!" अन् मामा रुसून थेट गाडीत जाऊन बसते. मंडपाच्या मागे न्या त्यायले, समोर उभं राहून बोला, ओठ दिसले तरी अर्धं काम होते.