कंदीलवाली आजी आणि एका सेकंदाचे १४४ तुकडे

नमस्कार मंडळी. आज गेम बनवण्याबद्दल बोलायचंय. गेम म्हणजे व्हिडिओ गेम, आणि बोलणारी मी कोण, तर चित्रं काढणारी बाई. प्रोग्रामिंग मला येतं ते आपलं कामापुरतं, म्हणजे 'असं झालं तर तसं कर' एवढं मला कॉम्प्युटरला सांगता येतं आणि त्यापुढे गेलं की मी कोणाला तरी फोन लावते. पण तेवढ्यावर एक गेम पुरा झाला, लोकांनी खेळलासुद्धा, म्हणून ज्यांचा हात चित्रात चालतो पण कोड बघितला की पोटात गोळा येतो अशांसाठी आजचं बोलणं. एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, मधेमधे परत सांगेन, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही. आधी ठोकळा, मग चित्र. लक्षात राहिलं? आधी ठोकळा, मग चित्र. का ते आजीच्या गोष्टीत येईलच.

पहिली शंका सगळ्यांची एकच असते, कोडिंग नीट येत नसताना गेम होतो का? होतो बाबांनो. आणि हे काही आजचं नाही. १९८१ साली 'डाँकी काँग' आला, तो डिझाइन केला शिगेरु मियामोतोंनी, ते शिकलेले इंडस्ट्रियल डिझाइन, कोड लिहिणारे लोक वेगळे होते. त्यातला तो उड्या मारणारा माणूस, ज्याचा पुढे मारिओ झाला, त्याला मिशी का आहे माहितेय? इतक्या मोजक्या पिक्सेलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांत, तोंड काढणं जमेना, मिशी लावली की नाक उठून दिसतं आणि तोंडाचा प्रश्नच मिटतो. टोपी का, तर केस काढायला नकोत आणि उडी मारताना ते हलवायला नकोत. अडचण मशीनची आणि उत्तर चित्रकाराचं! मला हे फार आवडतं.

मग १९९३ चा 'मिस्ट'. रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी तो मॅकवरच्या हायपरकार्ड नावाच्या प्रोग्रॅममध्ये उभा केला, आणि हायपरकार्ड म्हणजे अक्षरशः पत्त्यांचा गड्डा, एका कार्डावर चित्र, चित्रात दारावर क्लिक केलं की दुसरं कार्ड. बस. एवढ्यावर तो पुढची कितीतरी वर्षं सगळ्यात जास्त खपलेला पीसी गेम होता. अलीकडचं बघायचं तर २०१७ चा 'होलो नाइट', तो युनिटी नावाच्या इंजिनात बनलाय, इंजिन म्हणजे गेम बनवायचा तयार प्रोग्रॅम, आणि त्यातल्या शत्रूंचं वागणं बरंचसं प्लेमेकर नावाच्या टूलमध्ये बसवलंय, त्यात कोड टाइप करायचा नसतो, चौकटी मांडायच्या आणि बाण जोडायचे. अनरियल नावाच्या दुसऱ्या इंजिनात ब्लूप्रिंट असतं तेही तसंच. पण हां, चौकटी जोडल्या म्हणजे प्रोग्रामिंग टळलं असं समजू नका, डोकं तेवढंच लागतं, फक्त अर्धविराम विसरल्याबद्दल कोणी ओरडत नाही.

आणि कृपा करून कुठलं इंजिन चांगलं यावर सहा महिने घालवू नका. असे लोक मी बघितलेत, पाच इंजिनांची तुलना तोंडपाठ आणि गेम शून्य. बिट्सी नावाचं एक छोटंसं फुकटचं टूल आहे, ब्राउझरमध्येच चालतं, त्यात एक चित्र म्हणजे आठ बाय आठ ठिपके, एक खोली म्हणजे सोळा बाय सोळा चौकोन, रंग तीन. तिथून सुरुवात करा, एका संध्याकाळी काहीतरी हलेल. आणि ज्यांना वाटतं की पिक्सेल आर्ट म्हणजे सोपं काम त्यांनी चौसष्ट ठिपक्यांत मांजर काढून दाखवावी, अशी की तिला कोणी कुत्रा म्हणणार नाही. असो, मी भरकटले.

आता आजी.

माझा गेम असा होता. अंधार पडलाय, एक म्हातारी हातात कंदील घेऊन डोंगराच्या पायऱ्या चढत घरी चाललीय, हळूहळू, आणि कंदिलाच्या उजेडात जेवढं दिसेल तेवढंच आपल्याला दिसतं. मला ते शांत हवं होतं, थोडं उदास. मी आधी आजी काढली. सांगतेय ना, चूक तिथेच झाली, आधी आजीच काढली! सुरकुत्या, शालीची झालर, कंदिलाची काच, चालण्याची आठ चित्रं, पायरी चढण्याची वेगळी, वळण्याची वेगळी, सगळी मिळून छत्तीस, हाताने रंगवलेली. मग इंजिन उघडलं, एक व्हिडिओ बघत बघत कोड लिहिला, तो काय, बटण दाबलेलं असेल तर आजीला दोन पिक्सेल पुढे सरकव. झालं. आजी चालायला लागली आणि मी खरं सांगते रडले हो, आपलं चित्र आपल्या बोटाने चालतंय हे पहिल्यांदा बघताना जे होतं ते मला शब्दात सांगता येणार नाही.

गेम मैत्रिणीला पाठवला. तिचा नवरा गेम खेळणारा, घरात भारी कॉम्प्युटर. अर्ध्या तासात फोन आला आणि ही हसतेय. म्हणाली, "अगं, तुझी आजी कुठे शर्यतीला निघालीय का?" मी म्हटलं म्हणजे? म्हणाली, "घसरगुंडीवरून गेल्यासारखी जातेय, पाय हळू हलतायत आणि बाई सुसाट!" तिने मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवला तर खरंच, पाय आपले टुकूटुकू आणि अंग बर्फावरून सरकल्यासारखं पुढे. माझ्या उदास गेमची पार कॉमेडी झालेली.

आता चित्रकाराला असं काही दिसलं की तो काय करतो? चित्रात चूक शोधतो. दुसरीकडे बघायचं सुचतच नाही. मला वाटलं आजीची पावलं छोटी काढलीयत, म्हणून घसरल्यासारखी दिसते. बसले पुन्हा. छत्तीसच्या छत्तीस चित्रं नव्याने, लांब ढांगा, शाल जास्त उडतेय, तीन आठवडे गेले. पाठवलं. मैत्रीण म्हणाली हां, आता पाय जुळतायत, पण आजी धावतेच आहे. आणि माझ्या कॉम्प्युटरवर उघडलं तर उलटंच! आता ढांगा ही एवढ्या लांब आणि आजी जागच्या जागी, ट्रेडमिलवर चालल्यासारखी. तिच्याकडे बरोबर तर माझ्याकडे चूक, माझ्याकडे बरोबर तर तिच्याकडे चूक. मी ठरवून टाकलं की तिच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, तसं तिला बोललेसुद्धा, आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

शेवटी तिच्या घरी गेले. तिच्या नवऱ्याने माझा कोड बघितला, म्हणजे ती एकच ओळ बघितली, आणि विचारलं, "तुमचा मॉनिटर किती हर्ट्झचा?" मला काय माहीत! निघाला साठचा. त्यांचा एकशे चव्वेचाळीसचा. आता हे नीट ऐका कारण सगळी गंमत इथे आहे. माझा कॉम्प्युटर एका सेकंदात साठ वेळा चित्र नवं करतो आणि दर वेळी माझी ती ओळ चालते, दोन पिक्सेल पुढे. साठ दुणे १२०. त्यांचा करतो १४४ वेळा, १४४ दुणे २८८. म्हणजे आजी त्यांच्याकडे जवळजवळ अडीचपट वेगाने जाणार, आणि पायांची चित्रं मात्र इंजिन घड्याळ बघून बदलतं, ती दोन्हीकडे सारखीच. म्हणून पाय हळू, बाई सुसाट. चित्रात काहीही चूक नव्हती. काहीही! पहिली छत्तीस बरोबर होती.

तो म्हणाला, "तुम्ही आजीला पावलं मोजायला लावताय, तिला वेळ मोजायला लावा." म्हणजे असं सांगायचं की सेकंदाला १२० पिक्सेल जा, आणि मागच्या फ्रेमपासून, म्हणजे मागच्या वेळी चित्र नवं झालं तिथपासून, जेवढा वेळ गेला तेवढ्याने गुण. त्या वेळेला डेल्टा म्हणतात, बहुतेक इंजिनांत असतो. माझ्याकडे तो सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे दोनच पिक्सेल पडतात, त्यांच्याकडे १४४ वा भाग, म्हणून एक पिक्सेलसुद्धा पुरा नाही, पण सेकंद संपला की दोन्ही आज्या एकाच पायरीवर. एक शब्द वाढवला हो, एक गुणाकार. आणि मी तीन आठवडे शाल रंगवत बसले होते.

आता बघा, आजीच्या जागी मी नुसता एक करडा चौकोन चालवला असता तर? चौकोनाला पाय नसतात. तो जोरात गेला तर जोरातच गेला म्हणणार, ढांगा छोट्या काढल्या असं कोणी म्हणणार नाही. म्हणून म्हणते, आधी ठोकळा, मग चित्र.

पण थांबा, गोष्ट अजून संपली नाही. हे सगळं चालू असताना मैत्रिणीची मुलगी, नऊ वर्षांची, शेजारी बसून बघत होती. आजी हळू झाल्यावर तिने दोन मिनिटं खेळून बघितलं आणि म्हणाली, "मावशी, आता बोअर झालीय. पळणारी आजी परत आण ना." मी म्हटलं अगं, आजी पळाली तर वाऱ्याने कंदील विझेल. मोठी माणसं देतात तसं उत्तर दिलं, विषय संपवायला. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की हिला एवढंही कळत नाही. म्हणाली, "मग विझू दे ना! तेच तर खेळायचं."

मी गप्प. कारण तोपर्यंत माझ्याकडे चालणारं चित्र होतं, गेम नव्हताच. त्या दिवशी गेम झाला. एक बटण धरलं की आजी पळते, पळाली की ज्योत फडफडते, फार पळाली की विझते आणि मिट्ट काळोख, मग थांबून काडी ओढायची आणि काड्या मोजक्याच. घाई आणि उजेड यातलं एकच मिळणार. आणि माझी ती लांब ढांगांची छत्तीस चित्रं, तीन आठवड्यांची, ती आता पळणाऱ्या आजीला लागली, एकही वाया गेलं नाही.

चुकून सापडलेल्या गोष्टीवर गेम उभा राहणं तसं नवीन नाही. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले भराभर सरकायला लागतात ना, तेही असंच झालं होतं, काढायचे शत्रू कमी झाले की त्या बिचाऱ्या मशीनला काम हलकं व्हायचं आणि ते वेगात चालायचं, आणि बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. छान केलं. नाहीतर हल्ली गेम सुरू केला की पहिली दहा मिनिटं राजाची वंशावळ ऐकवतात, बटण दाबू देत नाहीत. मी तर असे गेम तिथेच बंद करते, मग चित्रं कितीही सुंदर असोत.

वेळ संपत आलीय, तर उरलेलं पटापट. चित्रं हवी तेवढीच मोठी ठेवा, छापायच्या सवयीने प्रचंड मोठी काढू नका. ४०९६ बाय ४०९६ चं एक चित्र दाबून लहान न करता मेमरीत ठेवलं तर चौसष्ट एमबी खातं, फाइल डिस्कवर छोटी दिसली तरी. चालण्याची सगळी चित्रं एकाच मापाच्या कागदावर काढा आणि पाय एकाच रेषेवर ठेवा, नाहीतर आजी दर पावलाला उचकी लागल्यासारखी उडते. रोजची कॉपी वेगळी ठेवा, हे सांगायला नको, तरी सांगते. आणि किती दिवस लागतील असं कोणी विचारलं तर आकडा बोलू नका. डीन डॉड्रिल म्हणून एक चित्रकार ॲनिमेटर आहेत, 'डस्ट: ॲन इलिजियन टेल' त्यांनी जवळजवळ एकट्याने केला, प्रोग्रामिंग करता करता शिकले, तीन महिन्यांत होईल असं वाटलं होतं म्हणे आणि साडेतीन वर्षांच्या वर लागली, २०१२ मध्ये आला. आणि परत एकदा, आधी ठोकळा, मग चित्र.

अरे हो, राहिलंच. गेम पुरा झाल्यावर पहिली खेळायला बसली ती तीच मुलगी. तिने काय करावं? पहिल्या वळणावरच आजीला पळवलं, कंदील विझला, आणि काडी ओढलीच नाही. काळोखात तशीच बटणं दाबत राहिली, एक मिनिट, दोन मिनिटं, स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाहीये, आणि एकदम दार उघडल्याचा आवाज. आजी घरी! मी विचारलं अगं, तुला दिसलं कसं? म्हणाली, "दिसलं कुठे, मागच्या वेळी मोजून ठेवल्या होत्या. एक्केचाळीस पायऱ्या आहेत मावशी, तुला माहीत नाही?"

सगळ्या पायऱ्या मीच काढलेल्या. घरी येऊन मोजल्या. एक्केचाळीस.

चला, नमस्कार.