दुर्बिणीने की पोट उघडून?

सकाळचे साडेसात, ठाणे स्टेशन, दहा नंबर. पनवेल लोकल लागलीय. काकांच्या मांडीवर एमआरआयचं ते मोठं पाकीट, बाजूला काकू, डब्यात पोहे. उतरायचं खारघरला, हॉस्पिटलसाठी.

कित्येक महिने रक्त पडत होतं, काका म्हणायचे मूळव्याध आहे रे, होईल बरं. (हे वाक्य कुठल्या घरात नाही ऐकलं?) मग कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी) झाली, आणि रेक्टममध्ये कॅन्सरची गाठ निघाली.

काकूंचं म्हणणं एकच. शेजारच्या वहिनींचं पित्ताशय दुर्बिणीने काढलं, दोन दिवसांत घरी आल्या, मग यांचं पोट कशाला फाडायचं?

प्रश्न बरोबर आहे, पण पित्ताशय वेगळं आणि हे वेगळं. रेक्टम म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १५ सेंटीमीटरचा भाग, कमरेच्या हाडांच्या कड्यात खोल बसलेला, पुढे लघवीची पिशवी, मागे माकडहाड, हात घालायला जागा नाही आणि पुरुषांचा हाडांचा कडा आणखी अरुंद. त्यात गाठ एकटी काढून भागत नाही. भोवती चरबीचं एक वेष्टण असतं, कॅन्सर पसरतो त्या लसिका गाठी (लिम्फ नोड्स) त्यातच असतात, म्हणून ते सगळं अखंड, न फाटता बाहेर आलं पाहिजे. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड या सर्जननी हे १९८२ मध्ये मांडलं, आणि त्याच जागी परत गाठ येण्याचं प्रमाण चांगलंच खाली आलं.

आता दुर्बीण. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, चार-पाच भोकं पाडतात, कॅमेरा अगदी खोलपर्यंत जातो आणि स्क्रीनवर सगळं मोठं दिसतं. पण हत्यारं लांब, सरळ, खालच्या कोपऱ्यात वळवताना सर्जनचा कस लागतो. आणि काढलेला भाग बाहेर घ्यायला एक छोटा छेद बहुतेक वेळा द्यावाच लागतो, तेवढं कुणी सांगत नाही.

मग चांगलं कुठलं? युरोप, कॅनडा आणि कोरियातल्या हजारावर पेशंटवर झालेल्या कलर टू या अभ्यासात तीन वर्षांनी ओटीपोटात कॅन्सर परत आला तो दोन्हीकडे ५ टक्के. दुर्बिणीत रक्त कमी गेलं, पण ऑपरेशन जवळपास ५० मिनिटं जास्त चाललं, आणि हॉस्पिटलातला मुक्काम? ९ ऐवजी ८ दिवस, बस. कॅन्सर परत येण्याचे आकडे आले २०१५ मध्ये, आणि त्याच वर्षी अमेरिकेतला अभ्यास म्हणाला की भाग नीट, स्वच्छ निघण्याचं प्रमाण दुर्बिणीने ८२ टक्के, उघडून ८७. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचाही सूर तसाच. पुढे पेशंटचा पाठपुरावा केला तेव्हा जगण्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. मला विचाराल तर भोकं किती यापेक्षा या सर्जननी अशी किती ऑपरेशन्स केलीत ते आधी विचारा, आणि मधेच पोट उघडावं लागलं तर काय, तेही.

काकूंनी ओपीडीत दोन्ही विचारलं. काकांनी फक्त एवढंच, "संडाससाठी पोटाला पिशवी लागणार का?" डॉक्टरनी कागदावर चित्र काढून सांगितलं, ते गाठ किती खाली आहे त्यावर, दुर्बिणीवर नाही. कदाचित काही महिन्यांपुरती लागेल.

ऑपरेशनची तारीख अजून नाही. आधी रेडिएशन आणि किमो, मग परत एमआरआय. परतीच्या लोकलमध्ये काकांना डुलकी लागलीय, चित्राचा तो कागद काकूंच्या पर्समध्ये आणि त्या विचारतायत, जुईनगर गेलं का रे?