रोज पाणी घालूनही झाड का मरतं?

(धुळ्यात मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जिना चढताना एक मावशी मला म्हणाल्या, "ताई, मी रोज पानी देस, तरी झाडं मरी जातस." मी आज बोलायला आणलेले कागद पिशवीतच ठेवले आहेत. मावशींच्या या एका वाक्यापासूनच सुरुवात करते.

देवपुरात घर बांधलं त्या वर्षी मी अंगणात पांढरा चाफा लावला. फेब्रुवारीत त्याची पानं गळली. मला वाटलं, तहानला. मी सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी घालू लागले. एप्रिलमध्ये खोड हाताने दाबलं तर आत पिचपिचीत लागलं. तो कुजून गेला होता. वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या अंगणात हे झालं आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. चाफ्याने पानं टाकली होती ती पाणी वाचवायला. त्याच्या जाड फांद्यांत ओल साठवलेली असते. पानं टाकून तो उन्हाळा झोपून काढत होता आणि मी त्याला उठवून पाणी पाजत होते.

आपली काळी माती हा या गोष्टीचा गाभा आहे. तिचे कण फार बारीक. पाणी पडलं की ती फुगते आणि कणांमधली हवा निघून जाते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. रोज पाणी घातलेल्या कुंडीत मुळं गुदमरतात, कुजतात. मग कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून वर पानं माना टाकतात. आपल्याला ती तहानलेली दिसतात. आपण आणखी पाणी घालतो. मावशी, तुमची निम्मी झाडं अशीच गेली असणार. यापुढे पाणी घालण्याआधी मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा. आत गार लागलं तर तांब्या खाली ठेवा.

कुंडी भरताना काळी माती एक वाटा, जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा एक वाटा आणि कुजलेलं शेणखत एक वाटा घ्या. खाली भोक हवंच. कुंडी मातीची असेल तर उत्तम, तिच्या अंगातून हवा खेळते. गच्चीचा स्लॅब मे महिन्यात तव्यासारखा तापतो, म्हणून कुंडी विटांवर ठेवा आणि सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते. पश्चिमेच्या बाजूला हिरवी जाळी बांधा.

आता झाडं कोणती? नर्सरीत लोक पाम मागतात, लॉन मागतात. 44-45 अंशांच्या उन्हात लॉन हिरवं ठेवायला रोज पाणी लागतं, आणि ज्या गावात नळाला दिवसाआड पाणी येतं तिथे हे मला पटत नाही. बांधावर बघा. तरवड बघा. पाऊस कमी झाला तरी पिवळ्याधमक फुलांनी भरलेला असतो. शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही. पूर्वी त्याची साल कातडी कमवायला वापरत. दिसायला इतकं देखणं झुडूप, पण कुठल्या नर्सरीत ठेवलेलं मी पाहिलं नाही, कारण रानात फुकट मिळतं ते विकत कोण घेणार! कुंपणाला तरवड, मध्ये कोरांटी आणि मेंदी लावली की पहिली दोन वर्षं सांभाळायचं. पुढे ते आपलं आपण बघतात.

कन्हेर महामार्गाच्या दुभाजकात धूर आणि ऊन खात उभी असते, ती उगीच नाही. झाडाचं बरंचसं पाणी पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून उडून जातं. कन्हेरीची ही छिद्रं पानाच्या खालच्या अंगाला खळग्यांत दडलेली असतात आणि खळग्यांवर केसांची लव असते. लू थेट छिद्राला लागतच नाही. मात्र कन्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. घरात रांगतं मूल किंवा गोठ्यात जनावर असेल तर ती लावू नका. कुंपणाला लावतात त्या शेर नावाच्या झुडपाचा चीकही डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, छाटताना जपा.

कोरफडीची तऱ्हा आणखी वेगळी. इतर बहुतेक झाडं दिवसा छिद्रं उघडून हवा घेतात, कोरफड रात्री उघडते. रात्रीच्या गारव्यात हवा आत घेऊन साठवते आणि दिवसा दारं लावून उन्हात अन्न बनवते. म्हणून तिचं पाणी वाचतं. घरात ठेवायचा स्नेक प्लांटही बराचसा असाच वागतो. त्याला पंधरा-वीस दिवसांनी पाणी पुरतं.

बोगनवेलीबद्दल एकच सांगते. आपण जिला फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात, खरं फूल आतलं इवलंसं पांढरट. जरा ताण दिला तर ती रंगाने भरते आणि भरपूर पाणी दिलं तर नुसता पाला वाढवते.

अंगण मोठं असेल तर सीताफळ, कवठ, बोर, शेवगा लावा. सीताफळ उन्हाळ्यात निष्पर्ण होतं, ते वाळलं म्हणून तोडू नका. नखाने साल खरवडा, आत हिरवं दिसलं की झाड जिवंत आहे. आणि ज्याच्याकडे शेताचा मुरमाड कोपरा पडीक आहे, जिभाऊ, त्याने अंजन लावावा. हे आपल्या खानदेशच्या टेकड्यांचं झाड. रोप वर वीतभर दिसतं, पण खाली मूळ सरळ खोल जात असतं. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचं मूळ तळाशी गोल फिरतं आणि मग जमिनीत लावल्यावरही ते धड खाली उतरत नाही. म्हणून नर्सरीतून पुरुषभर उंचीचं रोप आणण्यापेक्षा लहान रोप आणा, जमलं तर बी जागेवरच टोका. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठ-दहा दिवसांनी भरपूर पाणी द्या. रोज तांब्याभर दिलं तर मूळ वरच्या थरातच घुटमळतं आणि तुम्ही चार दिवस लग्नाला गेलात की झाड संपतं.

पाणी देण्याची जुनी सोय म्हणजे माठ. झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरायचा, भरायचा, वर झाकणी ठेवायची म्हणजे डास होत नाहीत. माती कोरडी होईल तसं माठ पाझरतो. घरातला जुना माठ वापरणार असाल तर आधी बघा, ज्याने पाणी गार करणं सोडलंय त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, तो पाझरायचा नाही. बुंध्याशी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा चुरा, केळीची वाळलेली पानं असं काहीही चार बोटं पसरा. आणि कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणी झाडाला घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो तो हाच. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं.

इथे मला आपल्या पांझरा नदीवरची फड पद्धत आठवते. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, म्हणजे त्या फडाला पाणी एका हिशेबाने देता येतं. आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षं हे चालवलं. अंगणातही तेच करा. मोगरा, तुळस, गवती चहा मोरीजवळ एका फडात. तरवड, कोरफड, बोगनवेल लांबच्या फडात. कोरफडीशेजारी मोगरा लावला तर दोघांपैकी एक मरणारच.

आणि पावसाचा हिशेब ऐका. 1 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. घराचं छत 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद असेल आणि वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस पडला, तर 50,000 लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी 40,000 उरतात. आज ते पाइपातून गटारीत जातात. सगळं साठवायला टाकी कुणाकडेच नाही, पण एक पिंप भरून घ्या आणि उरलेलं झाडांच्या मधल्या चरात सोडा. ते जमिनीत उतरेल आणि खोल गेलेल्या मुळांना दिवाळीनंतरही मिळेल. चर खोदायचा तर आत्ता, पहिला पाऊस पडायच्या आत.

दाराशी टेबलावर तरवडाच्या शेंगा ठेवल्या आहेत, हिवाळ्यात बांधावरून वेचलेल्या. एका घराने दहा बिया घ्याव्यात. बीचं कवच टणक असतं, म्हणून गरम पाण्यात टाकून रात्रभर तसंच राहू द्या आणि पहिला पाऊस मुरला की बोटाच्या एका पेराएवढं खोल टोका. मावशी, तुम्ही आधी या, तुमच्या बिया मी वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत.