हे कर्ज माझं नाही

सोलापूरचा पूर्व भाग. अशोक चौकातून आत वळलं की यंत्रमागांची खडखड कानावर येते. उंबऱ्याशी बसलेल्या बायकांच्या मांडीवर विड्यांचं सूप असतं. या घरांतून आधार आणि पॅनच्या झेरॉक्स सतत बाहेर जातात. कधी गटाच्या कर्जासाठी, कधी सिमकार्डासाठी, कधी हप्त्यावर घेतलेल्या फोनसाठी. त्यातली एखादी प्रत भलत्याच्या हाती लागते आणि एके दिवशी वसुलीचा फोन येतो. कर्ज कधी काढलेलंच नसतं.

घरात पहिला सूर निघतो तो असा: दोन-चार हजारांचा तर प्रश्न आहे, भरून टाकू, कटकट मिटेल. भरू नका. एक हप्ता जरी भरलात, तरी कर्ज तुम्हाला मान्य होतं असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियमही लक्षात असू द्या.

आधी क्रेडिट रिपोर्ट काढा, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद. तो देणाऱ्यांत सगळीकडे सिबिलचंच नाव निघतं, पण इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क याही कंपन्या आहेत. चौघींनीही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. त्यातला 'एन्क्वायरी'चा भाग नीट वाचा. तुमच्या नावावर आणखी कुठे कर्जाची विचारणा झाली, ते तिथे कळतं.

मग कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवा: हे कर्ज माझं नाही. कर्जाच्या अर्जाची प्रत मागा, त्यावरचा फोटो मागा, दिलेला मोबाईल नंबर मागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे कोणत्या खात्यात जमा झाले ते विचारा. सही खोटी करता येते, फोटोही दुसऱ्याचा लावता येतो. पैसा मात्र कुठल्या तरी खात्यात जातोच, आणि पोलिसांना तोच माग हवा असतो. तुमच्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवा. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ज्या क्रेडिट कंपनीच्या रिपोर्टमध्ये हे कर्ज दिसतं, तिच्याकडेही हरकत नोंदवा. दुरुस्तीला ३० दिवसांची मुदत आहे. ती उलटली, तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. विडीच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही, हक्कानं मागा.

३० दिवसांत संस्थेनं उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. दुरुस्ती झाल्याचं पत्र आलं तरी चारही रिपोर्ट पुन्हा काढून बघा, आणि आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळ्यांची ओळख) लॉक करून ठेवा.