नकाशा शेवटी काढा

सैन्यातून निवृत्त होऊन जुन्या लढायांवर लिहायला किंवा माहितीपट करायला लेखणी किंवा कॅमेरा हाती घेणाऱ्याकडे एक भांडवल तयार असते. ‘रात्री कंपनी ठिकाणावर पोचली’ या ओळीत किती चिखल आणि किती ओझे आहे, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. धोका त्यातूनच येतो. कागद जिथे गप्प आहे तिथे तो स्वतःच्या अनुभवाची भर घालतो, आणि घातली हे त्याच्या लक्षातही येत नाही.

वॉर डायरी, म्हणजे युद्धकाळातली पलटणीची अधिकृत नोंदवही, घ्या. ती रोज लिहायची असते. ऐन लढाईत ती मागाहून लिहिली जाते, कधी दुसऱ्याच अधिकाऱ्याकडून. सगळ्या वेळा ०५००, ०५३०, ०६०० अशा गोल दिसल्या की सावध व्हा. शेजारच्या पलटणीची आणि तोफखान्याची डायरी बाजूला ठेवा, ब्रिगेडची संदेश-नोंदवही काढा. संदेश पाठवल्याची वेळ आणि मिळाल्याची वेळ यांत तासाचे अंतर पडू शकते; ‘टेकडी घेतली’ यांतल्या कुठल्या वेळेला, हे ठरवल्याशिवाय पुढे लिहू नये. सहा आकडी ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून दिलेला जागेचा आकडा, १०० मीटरचा चौकोन दाखवतो, बिंदू नव्हे. जुन्या नकाशावरचे आकडे रूपांतर न करता जीपीएसमध्ये टाकले तर तुम्ही भलत्याच नाल्यात उभे राहाल.

मुलाखतीत क्रम महत्त्वाचा. आधी लढलेल्या जवानाला कोरा कागद द्या, त्याच्याकडून आराखडा काढून घ्या. ‘कसं वाटलं?’ असे विचारले की पाठ झालेले उत्तर येते. ‘तुमच्या डावीकडे कोण होतं?’ विचारले की माणूस थांबतो, आठवतो. नकाशा आणि डायरी शेवटी. आधी दाखवलीत तर तो तुम्हाला डायरीच परत ऐकवेल. एकाच तुकडीतले चौघे असतील तर आधी एकेकटे, मग एकत्र; उलट केले की सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याची लढाई चौघांची होते. कॉलर माइकबरोबर दुसरा माइक वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, आणि निघण्यापूर्वी खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा. ती नसली की संकलनात प्रत्येक काप ऐकू येतो.

जुनी फिल्म वापरताना सैनिकी नजर फार कामाची. पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईवरच्या १९१६ च्या माहितीपटात खंदकातून वर चढणारे, कोसळणारे जवान दिसतात. ते दृश्य पिछाडीला रचलेले होते, असे आता मानले जाते. कॅमेरा कुठे उभा आहे आणि त्या जागी माणूस किती वेळ जिवंत राहिला असता, एवढेच विचारा. जवानांच्या पाठीवर हल्ल्याचे पुरते सामानही नाही. उलट सॅम्युअल फुलर हा अमेरिकन पायदळातला शिपाई, पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेला. त्याने मे १९४५ मध्ये फाल्कनाउच्या नाझी छळछावणीत १६ मिमी कॅमेऱ्याने जे टिपले, ते जागेवरचे होते. स्वतःच्या डिव्हिजनवरचा कथापट पडद्यावर यायला त्याला १९८० उजाडले.

राहिला आवाज. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर दूर फुटलेला गोळा आधी दिसतो आणि सुमारे ३ सेकंदांनी ऐकू येतो. रायफलची गोळी आवाजाहून वेगवान. तिच्या वाटेजवळ असलेल्याला आधी गोळीचा कडाका ऐकू येतो, बंदुकीचा ठोका मागून. संकलक मात्र स्फोटाचे दृश्य आणि आवाज एकाच फ्रेमवर चिकटवतो. त्याच्या शेजारी बसून ती ३ सेकंदे मागून घ्या; तो कुरकुरेल.